पावतीपुस्तक कुणाच्या हाती?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दसरा सरला की आमच्या गेवराई तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, एखादी बाज, बांधलेली शेळी आणि सगळ्यांच्या वर बसलेली लेकरे. उमापूरच्या आसपास कुठल्याही वाडीवर, तांड्यावर दिवाळीनंतर जाऊन बघा, कितीतरी दारांना कुलपे दिसतील. ही कुलपे उघडतात ती पाडव्याच्या पुढेमागे. ग्रामपंचायतीचे वर्ष मात्र मार्चअखेर संपते. म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी मागणारा हिंडतो तेव्हा देणारा कारखान्यावर असतो आणि देणारा चार पैसे घेऊन परततो तेव्हा मागणाऱ्याची घाई सरलेली असते.

अशाच एका मार्च महिन्यात माझी अम्मी ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. पावतीपुस्तक काखेत मारून वसुलीचा कारकून आला. “घरपट्टी, चाची,” म्हणाला. अम्मीने सुपातून नजर न काढता त्याला विचारले, “मतं मागायला पाच जण आले होते. त्यांतलं कुणीच का रे नाही आलं? तुला तर मी मत दिलं नव्हतं.”

कारकून हसला, पाणी प्याला आणि पुढच्या दाराकडे गेला. मी मात्र त्या प्रश्नापाशी अडकलो. कर वसूल करणारा माणूस सरकारने नेमावा, की ज्यांच्याकडून कर घ्यायचा त्यांनीच तो निवडून द्यावा? वरवर हा प्रश्न भाबडा वाटतो. पण जगात काही ठिकाणी वसूलदार खरोखर मतपेटीतून निवडतात, आणि आपल्याकडेही अर्धवट का होईना, तेच चालले आहे. फक्त ते आपल्या ध्यानात येत नाही.

आधी थोडे मागे जाऊ. वसुलीची आपली सगळी भाषाच मुळी फारसी-अरबीतून आलेली आहे. तहसील, महसूल आणि ‘त्यात काय हशील?’ मधला हशील, हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे, मिळवणे या अर्थाचे. वसूल म्हणजे पोचणे. गझलेत प्रियकर ज्या ‘विसाल’साठी झुरत असतो तो विसाल आणि तलाठ्याचा वसूल सख्खे भाऊ आहेत, हे कळल्यापासून मला सातबाऱ्याचीही भीती वाटेनाशी झाली. असो. सांगायचे हे, की शब्द आले ते राज्यकर्त्यांबरोबर, आणि प्रत्येक राज्यकर्त्यापुढे एकच कोडे होते: गावात जाऊन पैसा आणायचा कुणी?

एक मार्ग वतनाचा. पाटील गावचा, कुलकर्णी त्याचा हिशेबनीस, दोघांचेही काम बापाकडून लेकाकडे. पाटलाला गावाने निवडलेले नसे, पण तो गावातच राही, त्याच विहिरीचे पाणी पिई. त्यामुळे दुष्काळात तो वर जाऊन सूट मागे आणि सुगीत खाली येऊन दटावे. पाटलाचे हे दोन्हीकडचे नाते आपण विसरता कामा नये. आणि आणखी एक माणूस विसरता कामा नये. रयतेला चावडीवर बोलावून आणणे, जमलेला वसूल तालुक्याला पोचवणे ही धावपळ महाराच्या वतनात मोडत असे. सगळ्या गावाचा पैसा ज्याच्या डोक्यावरून जाई, त्याला चावडीच्या पायरीवर बसायचीही परवानगी नसे. गावगाड्यातली ‘आपुलकीची वसुली’ आठवून हळवे होणाऱ्यांनी हेही आठवावे.

दुसरा मार्ग मक्त्याचा, इजाऱ्याचा. सरकारने परगण्याच्या वसुलीचा लिलाव करायचा, सर्वांत मोठी बोली बोलणाऱ्याने रक्कम आगाऊ भरायची आणि मग ती रयतेकडून नफ्यासकट काढायची. सरकारला पैसा लगेच मिळतो, मक्तेदाराला पुढच्या वर्षाची शाश्वती नसते, म्हणून तो यंदाच गाय पिळून घेतो. आमचा हा भाग निजामशाहीत होता तेव्हा मलिक अंबरने ही मक्तेदारी मोडून जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची पद्धत बसवली, असे इतिहास सांगतो. मलिक अंबर वारला १६२६ मध्ये. शिवाजी महाराजांनीही देशमुख-देशपांड्यांच्या परस्पर वसुलीला लगाम घालून पगारी माणसे नेमली. पण मक्ता मोठा चिवट. तिजोरी रिकामी झाली की तो परत येतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती सर्रास लिलावात निघाल्या. इकडे हैदराबादेत १८५३ साली सालारजंग दिवाण झाले तेव्हा सरकार कर्जात बुडालेले होते आणि कितीतरी मुलूख सावकारांकडे, अरब जमादारांकडे वसुलीसाठी गहाण पडलेले होते. सालारजंगांनी ते एकेक करून सोडवले, मक्तेदारी काढली आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून पगारी तालुकदार-तहसीलदार बसवले. हा तिसरा मार्ग, नेमणुकीचा.

गावात मात्र वतनदार राहिलेच. निजामाच्या राज्यात गावाला दोन पाटील असत, एक पोलीस पाटील, दुसरा माली पाटील. माली म्हणजे महसुलाचा. जोडीला पटवारी. आमचे आजोबा हाली रुपयात सारा भरलेले. त्यांच्या बोलण्यात तहसीलदाराचे नाव कधी येत नसे, माली पाटलाचे येई. कारण तहसीलदार बदलून जात, माली पाटील बदलत नसे. “त्याच्याशी वाकडं घेतलं की सात पिढ्या वाकड्या,” असे ते म्हणत.

महाराष्ट्राने १९६२ मध्ये कायदा करून महसुली पाटलाचे पद रद्द केले. १ जानेवारी १९६३ पासून मुलकी पाटील गेला आणि तलाठी हा गावच्या महसुलाचा एकटा धनी झाला. नेमलेला, पगारी, बदली होणारा. २०२४ पासून त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आहे, पण लोक अजून तलाठीच म्हणतात आणि पुढची पन्नास वर्षे म्हणतील असा माझा अंदाज आहे. आमच्याकडे काही म्हातारे अजून पटवारी म्हणतात.

मक्ता गेला असे मात्र समजू नका. तुमच्या गावच्या आठवडी बाजारात जा. भाजीची पाटी मांडून बसलेल्या बाईपुढे एक माणूस येतो, दहा-वीस रुपये घेतो, चिठ्ठी फाडून देतो. कधी चिठ्ठीही देत नाही. तो ग्रामपंचायतीचा नोकर नसतो. बाजाराच्या वसुलीचा वर्षाचा लिलाव होतो आणि ज्याची बोली मोठी त्याला ती मिळते. बाजीरावाच्या मामलतीचे हे धाकटे भावंडच. बाजारात भांडण बहुधा कशावरून होते? पाटी एक की दोन, यावरून. मक्तेदार म्हणतो दोन, बाई म्हणते एक आणि शिल्लक माल. दर फलकावर लिहिलेला असला की भांडण लवकर मिटते. नसला की ज्याचा आवाज मोठा त्याचा दर.

आता निवडणुकीकडे येतो. शेतसारा सरकारचा, तो तलाठ्याकडे. पण घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, सफाईचा कर हे गावाचे, म्हणजे ग्रामपंचायतीचे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने हे अधिकार दिले आहेत आणि १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने त्यांना घटनेचा आधार दिला. कर बसवायचा ठराव करतात निवडून आलेले सदस्य. घरांची आकारणी होते नमुना आठमध्ये, मागणी लिहिली जाते नमुना नऊमध्ये आणि पावती फाटते ती नमुना दहाची. हे कागद सांभाळणारा ग्रामसेवक जिल्हा परिषदेने नेमलेला. त्याचे नावही २०२४ मध्ये बदलून ग्रामपंचायत अधिकारी झाले. पण वसूल झाला नाही तर जप्तीपर्यंत जायचे की नाही, कुणाला नोटीस काढायची आणि कुणाला ‘राहू द्या सध्या’ म्हणायचे, हे खऱ्या अर्थाने सरपंचाच्या घरी ठरते. म्हणून मी म्हणतो, कागदावर वसुली नेमलेल्या माणसाकडे असली तरी तिची दोरी निवडून आलेल्याच्या हातात आहे. त्यात २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचे ठरले, २०२० मध्ये ते बंद झाले, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. आता सरपंच सगळ्या गावाकडे मत मागतो आणि सगळ्या गावाकडे थकबाकीही त्यालाच मागायची असते.

परिणाम काय? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये देशभरातल्या पंचायतींच्या जमाखर्चाचा अहवाल काढला. पंचायतींच्या उत्पन्नात त्यांनी स्वतः वसूल केलेल्या कराचा वाटा सुमारे एक टक्का. सरासरी काढली तर एका पंचायतीचा स्वतःचा कर वर्षाला २१ हजार रुपयांच्या आसपास. बाकी बहुतेक वरून आलेले अनुदान. एकवीस हजारांत एका गावाचे काय होते? आमच्याकडे एका मध्यम लग्नात मांडववाला याहून जास्त घेतो.

आकडा वाचून शहरातला माणूस म्हणेल, गावचे लोक कर बुडवतात. तसे सोपे नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचे सासर ज्या गावात आहे त्या गावाचे नाव मी सांगत नाही. तिथे एका निवडणुकीत दोन्ही पॅनेलनी पाणीपट्टी माफ करण्याचे आश्वासन दिले. एकाने दिले म्हणून दुसऱ्याला द्यावेच लागले. निवडून आलेल्यांनी शब्द पाळला, म्हणजे माफीचा ठराव केला नाही, फक्त मागणे बंद केले. पहिले वर्ष गोडीत गेले. दुसऱ्या वर्षी विहिरीवरच्या मोटारीचे बिल साठत गेले आणि ऐन एप्रिलमध्ये वीज तोडली गेली. नळाला पाणी नाही. ज्यांच्या घरी बोअर होते त्यांचे चालले. बहिणीच्या आळीतल्या बायका दोन किलोमीटरवरून घागरी आणू लागल्या. हिशेब केला तर सगळ्या गावाची वर्षाची पाणीपट्टी भरली असती तर बिल भागून पैसे उरले असते. माफी मिळाली होती घरातल्या पुरुषाला आणि ती फेडत होत्या घरातल्या बायका.

पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. त्या आळीतल्या दोन बचत गटांच्या बायका ग्रामसभेत उभ्या राहिल्या. त्यांनी एवढेच सांगितले, वर्षाचे बाराशे एकदम मार्चमध्ये मागू नका, महिन्याला शंभर मागा, आणि मागायला आम्हाला पाठवा. त्यांच्या गटाचा हप्ता जसा महिन्याला जमतो तसे पाणीही जमू लागले. टोळीला जाणारे जायच्या आधी सहा महिन्यांचे देऊन जाऊ लागले, कारण उचल हातात असते ती तेव्हाच. बहीण म्हणाली, “भाईजान, सरपंचाला नाही म्हणता येतं. रखमाबाईच्या सुनेला कसं म्हणणार? ती रोज नळावर भेटते.” (हे नाव मी बदलले आहे, पण सून खरी आहे.) या बायकांना कुणी मतपत्रिकेवर निवडले नव्हते आणि कुणी नेमणूकपत्रही दिले नव्हते. पावती मात्र ग्रामपंचायतीचीच फाडली जात होती.

आता जगाकडे बघू, कारण हा प्रयोग इतरांनीही केलेला आहे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या आधी ‘ताय’ नावाचा एक कर असे. सरदार आणि धर्मगुरू त्यातून मोकळे, भार सगळा शेतकऱ्यांवर. गावावर एकूण रक्कम ठरवून दिली जाई आणि ती घरोघर वाटून वसूल करणारे लोक गावकरीच आपल्यातून निवडत. ऐकायला किती लोकशाहीचे! पण तूट आली तर ती निवडलेल्याने स्वतःच्या गाठीची भरायची, नाहीतर तुरुंगात जायचे. त्यामुळे हे पद कुणालाच नको असे, पाळीपाळीने गळ्यात पडे. ज्याच्या गळ्यात पडे तो शेजाऱ्यावर सूड तरी उगवी नाहीतर स्वतः बुडे. तुर्गो नावाचा शहाणा अधिकारी १७६० च्या दशकात लिमोज प्रांतात होता. त्याने ही वेठ पाहिली आणि पगारी वसूलदार आणण्याच्या मागे लागला. म्हणजे तिथे निवडलेल्यांना हटवून नेमलेले आणणे ही सुधारणा ठरली.

अमेरिकेत चाक उलटे फिरले. तिथल्या फ्लोरिडा राज्यात ६७ जिल्हे आहेत, त्यांना ते कौंटी म्हणतात. बहुतेक ठिकाणी कर वसूल करणारा अधिकारी पूर्वीपासून निवडणुकीने येत असे. मायामी शहर ज्या जिल्ह्यात आहे तिथे मात्र तो नेमलेला होता. २०१८ मध्ये राज्यातल्या मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून सगळीकडे निवडणूक सक्तीची केली आणि २०२४ मध्ये मायामीच्या लोकांनी आपला वसूलदार मतदानाने निवडला.

मग तिथे तो मतांसाठी कर सोडून देत नाही का? नाही, आणि त्याचे कारण माणसाच्या चांगुलपणात नाही, रचनेत आहे. घराची किंमत ठरवणारा अधिकारी वेगळा, तोही निवडलेला. कराचा दर ठरवणारी सभा वेगळी. वसूल करणाऱ्याला एक पैसा कमी करण्याचा किंवा वाढवण्याचा अधिकार नाही. नोव्हेंबरमध्ये भरले तर चार टक्के सूट, डिसेंबरमध्ये तीन, मग दोन, मग एक. मार्च उलटला की कर थकला आणि ठरलेल्या तारखेला पुढची कारवाई आपोआप सुरू. त्याला मते मागायची तर एकाच गोष्टीवर मागता येतात: माझ्या कार्यालयात रांग लहान आहे, हिशेब स्वच्छ आहे, माझी माणसे तुमच्याशी नीट बोलतात. म्हणजे निवडणूक होते ती सौजन्याची आणि चोख कामाची, माफीची नव्हे.

आपल्याकडे किंमत ठरवणे, दर ठरवणे आणि वसूल करणे या तिन्ही गोष्टी एकाच सतरंजीवर होतात. आमच्याही नियमात वर्षाच्या पहिल्या सहामाहीत भरणाऱ्याला पाच टक्के सूट आहे. किती गावांत लोकांना हे कुणी सांगितले?

कायद्यात एक कलम मात्र मला फार आवडते. ग्रामपंचायतीच्या सदस्याने बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत स्वतःचा कर भरला नाही तर तो अपात्र ठरतो. निवडून आलेल्या वसूलदाराने आधी स्वतः भरणारा असले पाहिजे, असा त्याचा साधा अर्थ. प्रत्यक्षात या कलमाचा उपयोग विरोधकाला पाडायला होतो. मग ‘बिल मला मिळालेच नाही’ हा बचाव येतो आणि ते बिल कुणी, कधी, कुणाच्या हातात दिले यावर जिल्हाधिकाऱ्यांपुढे, कधी हायकोर्टापर्यंत वाद चालतो. तरीही कलम हवेच. कर सगळ्यांत आधी कुणाच्या दारी मागावा, हे निदान त्याने सांगून ठेवले आहे.

छत्रपती संभाजीनगरजवळचे पाटोदा पुष्कळांना माहीत असेल. आमच्या बीड जिल्ह्यातला पाटोदा तालुका नव्हे, ते गाव वेगळे. तिथे भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना गावाने कर भरणाऱ्याला दळण फुकट देण्याची युक्ती काढली. गिरणी ग्रामपंचायतीची, कर भरला असेल तर दळण मोफत. पैसा सरकारात गेला आणि परत पिठाच्या रूपाने घरी आला, हे बाईला रोज डोळ्यांनी दिसते. त्या गावाची वसुली महाराष्ट्रभर नावाजली गेली. पण २०२१ च्या निवडणुकीत त्यांच्या कन्येचा तिथे पराभव झाला. चोख वसुली आणि निवडणुकीतला विजय यांचे नाते सरळ नसते, हे ज्यांना निवडलेला वसूलदार हवा आहे त्यांनी ध्यानात घ्यावे.

मला विचाराल तर गावच्या वसुलीचे खरे गुपित घरपट्टीच्या वहीत नाही, वर्गणीच्या वहीत आहे. आमच्याकडे गावोगाव सप्ताह बसतो, उरूस भरतो. मी दोन्हीला वर्गणी देतो, आमच्या वडिलांपासूनची रीत आहे. वर्गणी मागायला जे चार जण येतात ते कुणी नेमलेले नसतात, मतदानही झालेले नसते. पारावर बसल्या बसल्या ‘तू, तू आणि तू’ असे ठरते. नोटीस नाही, जप्ती नाही, तरी सहसा कुणी बुडवत नाही. का? एक तर देणाऱ्यांची यादी मोठ्याने वाचली जाते, रकमेसकट. दुसरे, महाप्रसादाच्या किंवा कंदुरीच्या दुसऱ्या दिवशी खर्चाचाही हिशेब वाचला जातो: तेल इतके, मांडव इतका, शिल्लक इतकी. शिल्लक कुणाकडे ठेवली हेही सगळ्यांसमोर ठरते. ग्रामपंचायतीचा जमाखर्चही ग्रामसभेपुढे ठेवायचा असतो, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा ठरलेल्या सभा असतात. पण तिथे तो इतक्या वेगाने आणि अशा भाषेत वाचला जातो की एवढ्या वर्षांत मला एकदाही दिवाबत्तीवर किती खर्च झाला ते कळलेले नाही. माझी बी.ए.ची पदवी तिथे कामाला येत नाही.

वर्गणीचीही एक काळी बाजू आहे, ती लपवत नाही. जो देणार नाही त्याच्याशी गाव बोलत नाही. वर्गणीत हे निभते, कारण ती ऐच्छिक म्हणवते. करात असे झाले तर? ज्या गावात आपल्यासारखी चार-सात घरेच आहेत, मग ती मुसलमानांची असोत, वडारांची असोत की गावकुसाबाहेरची असोत, तिथे बहुमताने निवडलेला वसूलदार पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहिला, तर त्या घरातला माणूस आकारणी चुकलीय असे म्हणायला धजेल का? मत कुणाला दिले हे गुप्त असते, पण सात घरांचे मत कुणाला गेले असेल याचा हिशेब गाव बरोबर करते. मग आपल्या गटाच्या घराचे मोजमाप पत्र्याचे आणि दुसऱ्याच्या पत्र्याचे स्लॅबचे होते. अशा वेळी बाहेरून आलेला, दोन वर्षांनी जाणारा, कुणाचाच नातेवाईक नसलेला नेमलेला माणूस ही लहान घरांची ढाल असते. ती ढाल गंजलेली असेल, कधी कधी हात पुढे करणारीही असेल, तरी ढाल असते. म्हणून दर आणि खर्च निवडलेल्यांनी ठरवावा, आकारणी आणि पावती नेमलेल्याकडे असावी, आणि दारोदार आठवण द्यायला जायचे काम ग्रामसभेने समोरासमोर निवडलेल्या बायकांकडे द्यावे, असे माझे मत झाले आहे. अम्मीच्या प्रश्नाला हे सरळ उत्तर नव्हे, हे मला कबूल आहे.

आणि जे मी इतका वेळ सांगतो आहे ते सांगण्याचा माझा अधिकार किती, हेही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मित्रांनी आग्रह केला, सदस्यपदाला उभे राहा. कवी माणूस, कुणाशी भांडण नाही, निघून जाशील म्हणाले. अर्जाला थकबाकी नसल्याचा दाखला लागतो, तो आणायला गेलो. कारकुनाने वही उघडली आणि बोट ठेवले. घर वडिलांच्या नावावर. घरपट्टी सहा वर्षांची बाकी. त्या सहा वर्षांत मी गावच्या चिखलावर, अंधारावर, कोरड्या नळावर कविता लिहिल्या होत्या, तीन कविसंमेलनांत वाचल्या होत्या आणि टाळ्या घेतल्या होत्या. दर मार्चमध्ये दारात आलेल्या त्या माणसाला मी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणालो होतो आणि तो प्रत्येक वेळी पाणी पिऊन गेला होता.

उभा राहिलो नाही. पैसे मात्र तिथेच काढून टेबलावर ठेवले. त्याने मोजले, पावतीपुस्तक पुढे ओढले आणि विचारले, “कुणाच्या नावाने फाडू?” वडील जाऊन अकरा वर्षे झाली होती. नमुना आठवर अजून त्यांचेच नाव होते, शेजारी वडिलांची सही, उर्दूत.

“त्यांच्याच नावाने असू दे,” मी म्हणालो. त्याने कार्बन सरळ केला आणि लिहायला घेतले.